संघाची प्रार्थना आणि पाचवा डाउन

अमेरिकेतील इंडियाना राज्यात साउथ बेंड येथे नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचे फुटबॉल मैदान आहे. त्याच्या उत्तरेला, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या भिंतीवर, 134 फूट उंचीचे एक भित्तिचित्र आहे. 1964 साली पूर्ण झालेल्या या चित्रात दोन्ही हात वर केलेला ख्रिस्त मधोमध उभा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू गोलरेषेपलीकडे गेला, म्हणजे 'टचडाउन' झाला, की पंचही नेमके असेच दोन्ही हात वर करतो, त्यामुळे चाहत्यांनी या चित्राचे नाव ठेवले 'टचडाउन जीझस'. 1997 साली मैदान वाढवले गेले तेव्हा नव्या बैठकांच्या आड ते बरेचसे झाकले गेले, आणि याची हळहळ तिथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून ऐकू येते.

माझे पदव्युत्तर शिक्षण त्या गावात झाले. पहिल्याच हंगामात एका शनिवारी माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी हातमोज्यावरून मनगटाला जपमाळ गुंडाळलेली होती, मांडीवर कॉफीचा थर्मास होता. सामना बॉस्टन कॉलेजशी होता. तेही कॅथलिकच, पण जेझुइट या दुसऱ्या संघाच्या पाद्र्यांचे. प्रतिस्पर्ध्यांचा खेळाडू चेंडूला लाथ मारण्यासाठी पुढे आला, त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, चेंडू खांबाबाहेरून गेला, आणि या गृहस्थांनी जपमाळेचे चुंबन घेऊन माझ्याकडे 'पाहिलंत?' अशा नजरेने पाहिले. प्रार्थना तर त्या मुलानेही केली होती, असे मी म्हणालो. त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "त्याचं सोडा हो, तो जेझुइटांकडचा."

मी नगरचा. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेल्या घरातला. आमच्याकडे प्रवासाला निघताना, परीक्षेला बसताना, विहिरीला पाणी लागावे म्हणून आणि ते लागल्यावरही प्रार्थना होत असे. त्यामुळे खेळाडू मैदानावर गुडघे टेकतो, याचा मला अचंबा वाटत नाही आणि त्रासही होत नाही. तिथल्या अनेक सुशिक्षित मित्रांना होतो. मला प्रश्न पडतो तो निराळा. खेळाडूला श्रद्धा असते हे उघड आहे. पण संघाला श्रद्धा असू शकते का, आणि असलीच तर ती ओळखायची कशावरून? अनेक वर्षे हे सामने पाहिल्यानंतर माझे मत असे बनले आहे की प्रार्थना किती मोठ्याने झाली यावरून ती ओळखता येत नाही. त्या श्रद्धेची किंमत कोणी मोजली, यावरून ती ओळखता येते.

खेळ आणि चर्च यांचा संबंध अमेरिकेत कोणी बाहेरून जोडलेला नाही. बास्केटबॉल हा खेळच मुळी 1891 साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जन्माला आला, आणि तो घडवणारे जेम्स नेस्मिथ हे धर्मशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. त्याच शाळेत त्यांचे सहकारी असलेले एमोस अलोन्झो स्टॅग हेही येल विद्यापीठात धर्मोपदेशक होण्यासाठी आधी शिकत होते. प्रवचन आपल्याला जमणार नाही असे ठरवून ते फुटबॉलकडे वळले आणि 1892 पासून शिकागो विद्यापीठात मोठे प्रशिक्षक झाले. शरीर घडवले की चारित्र्य घडते आणि चारित्र्य घडले की ख्रिस्ती माणूस घडतो, अशी त्या पिढीची प्रामाणिक समजूत होती. (मेथडिस्टांशी नाते असलेल्या ड्यूक विद्यापीठाचा संघ 'निळे सैतान' आणि बाप्टिस्टांनी स्थापलेल्या वेक फॉरेस्टचा संघ 'सैतानी डीकन' अशी नावे लावतो, यावरून त्या धार्मिकतेला विनोदाचे वावडे नव्हते असेही म्हणता येईल.)

ही समजूत कसाला लावण्यासाठी दोन सामने माझ्या डोळ्यांपुढे नेहमी शेजारी शेजारी येतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. चार डाउनमध्ये दहा यार्ड किंवा गोलरेषा गाठता आली नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. पाचवा डाउन असा प्रकार खेळात नाही.

16 नोव्हेंबर 1940 रोजी कॉर्नेल आणि डार्टमथ यांच्या सामन्यात पंचांची मोजणी चुकली. डार्टमथ 3-0 असे पुढे होते. शेवटच्या क्षणी कॉर्नेलला नजरचुकीने पाचवा डाउन मिळाला, त्यावर त्यांनी गोलरेषा ओलांडली आणि 7-3 असा विजय नोंदवला. कॉर्नेल त्या वेळी देशातील अग्रगण्य संघांत होता आणि बराच काळ हरलेला नव्हता. नंतर चित्रफीत तपासली गेली, चूक स्पष्ट दिसली, आणि कॉर्नेलने तार करून विजय डार्टमथला देऊन टाकला. निकाल 3-0 असा नोंदला गेला. नियमाने त्यांच्यावर तशी कोणतीही सक्ती नव्हती. हे कॉर्नेल म्हणजे तेच विद्यापीठ, जे 1865 साली कोणत्याही पंथाशी न बांधता स्थापन झाले म्हणून त्या काळच्या पाद्र्यांनी त्याला 'निरीश्वर' ठरवून झोडपले होते.

दुसरा सामना 6 ऑक्टोबर 1990 चा, मिसूरी राज्यातील कोलंबिया येथला. मिसूरीचा संघ 31-27 असा पुढे होता. कोलोराडोचा संघ गोलरेषेजवळ पोहोचला होता, घड्याळ संपत आले होते, आणि मैदानाबाहेर डाउनची पाटी धरणाऱ्यांनी मध्येच एकदा आकडा बदललाच नाही. चौथ्या डाउनला कोलोराडोच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणाऱ्या खेळाडूने, हा तिसराच आहे अशा समजुतीने, घड्याळ थांबवण्यासाठी, चेंडू जमिनीवर आपटला. तिथेच सामना संपायला हवा होता. पाचव्या डाउनला तोच क्वार्टरबॅक गोलरेषेवर पडला आणि कोलोराडो 33-31 असे जिंकले. पंचांना निलंबित करण्यात आले, पण निकाल तसाच राहिला.

कोलोराडोचे प्रशिक्षक होते बिल मॅकार्टनी. आपल्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल इतक्या उघडपणे बोलणारा दुसरा प्रशिक्षक त्या काळात शोधूनच काढावा लागला असता. त्याच 1990 साली त्यांनी 'प्रॉमिस कीपर्स', म्हणजे वचन पाळणारे, या नावाची पुरुषांची ख्रिस्ती चळवळ सुरू केली. पुढे तिच्या मेळाव्यांनी स्टेडियमे भरली. सामन्यानंतर त्यांना विचारण्यात आले की हा विजय तुम्ही परत कराल का. त्यांनी मैदान निसरडे होते, खेळण्यालायक नव्हते, अशी तक्रार केली आणि विजय ठेवून घेतला. त्या हंगामाअखेर असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत कोलोराडो राष्ट्रीय विजेते ठरले. मिसूरीचा सामना परत केला असता तर ते झाले नसते.

आमच्या गल्लीत याला एकच शब्द होता: रडीचा डाव. मात्र मॅकार्टनींवर अन्याय करू नये. त्यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना आणि सहायकांना संधी दिली, वंशभेदाविरुद्ध गोऱ्या श्रोत्यांसमोर न कचरता ते बोलले, आणि अनेक वर्षांनी मिसूरीतल्याच एका मेळाव्यात त्यांनी त्या विजयाबद्दल पश्चात्तापही व्यक्त केला. चूक पंचांची होती, प्रशिक्षकाची नव्हती, हा बचावही खरा आहे. तरीही नियम जिथे काहीच मागत नाही, तिथेच तर श्रद्धेने काही मागायला हवे. कॉर्नेलच्या तारेत देवाचे नाव नव्हते, पण 'अनीतीने मिळालेले ठेवू नये' हे शास्त्र तिने पाळले. कोलोराडोच्या लॉकररूममध्ये देवाचे नाव भरपूर होते. ते नाव जेव्हा संघाच्या विजयाच्या आड आले, तेव्हा वाट विजयाला मिळाली.

किमतीचा प्रश्न विजयापुरता नाही. संघात सर्वांत कमी अधिकार असलेल्या मुलाकडे पाहिले की तो जास्त टोकदार होतो. प्रशिक्षक म्हणतो, 'प्रार्थना ऐच्छिक आहे.' तो खरेच तसे मानत असेल. पण शनिवारी कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार हे ठरवणारा माणूस जेव्हा ऐच्छिक गोष्ट सर्वांसमोर स्वतः करतो, तेव्हा ती ऐच्छिक राहते कुठे? न्यू मेक्सिको स्टेट या सरकारी विद्यापीठातील काही मुस्लिम खेळाडूंनी असा आरोप केला होता की सराव झाल्यावर सर्वांना प्रभूची प्रार्थना म्हणायला लावले जाई, त्यांना अल-कायदाबद्दल खोदून प्रश्न विचारले गेले आणि अखेर संघातून काढण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि 2007 साली तडजोडीने मिटले. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन येथील शाळेच्या प्रशिक्षकाचा खटला अधिक गाजला. सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यरेषेवर गुडघे टेकून प्रार्थना करण्याचा त्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 27 जून 2022 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. एका निरीश्वरवादी पालकाने आधीच सांगितले होते की आपण सामील झालो नाही तर खेळायला कमी मिळेल या भीतीने आपला मुलगा त्यात जात असे. त्या मुलाच्या भीतीला निकालात पुरेसे वजन मिळाले नाही असे माझे मत आहे, आणि एक ख्रिस्ती म्हणूनच ते माझे मत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू सांगतो की प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घे. चौकात उभे राहून लोकांना दिसेल अशी करू नकोस. फुटबॉलच्या मैदानाच्या मध्यरेषेपेक्षा मोठा चौक अमेरिकेत तरी मला ठाऊक नाही.

शाळेतली मुले कोवळी असतात, महाविद्यालयातली माणसे सज्ञान असतात, असे यावर उत्तर दिले जाते. टेनेसीमधील एका सरकारी विद्यापीठात, भारतातून गेलेल्या एका हिंदू प्राध्यापकाने विद्यापीठाच्या समारंभांतील प्रार्थनेला आव्हान दिले होते. तिथल्या अपील न्यायालयाने 1997 साली विद्यापीठाच्या बाजूने निकाल देताना प्रौढांवर अशा प्रार्थनेचा दबाव येत नाही, असाच काहीसा विचार केला. कायम नोकरी असलेल्या प्राध्यापकाबाबत तो एक वेळ पटेल. एकोणीस वर्षांचा, शिष्यवृत्तीवर शिकणारा, घरातला पहिलाच पदवीकडे निघालेला बचावफळीतला खेळाडू कायद्याने सज्ञान असला, तरी प्रशिक्षकाच्या मर्जीपुढे तो शाळकरी मुलाइतकाच उघडा असतो. उलट त्याला गमावण्यासारखे जास्त असते.

यात पैशाचाही पदर आहे आणि तो झाकून चालणार नाही. दक्षिण कॅरोलायनातील क्लेमसन या सरकारी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅबो स्वीनी हे आजच्या श्रद्धावान प्रशिक्षकांतले सर्वांत ठळक नाव. त्यांच्या संघातील एका नामवंत खेळाडूचा बाप्तिस्मा सराव मैदानावरच झाला होता. 2014 साली तिथल्या धार्मिक वातावरणाबद्दल एका धर्मनिरपेक्षतावादी संघटनेने लेखी तक्रारही केली. खेळाडूंना पगार देऊन महाविद्यालयीन खेळ व्यावसायिक झाला तर आपण दुसरे काही करू, असे हेच स्वीनी सांगत असत. 2022 साली त्यांचा स्वतःचा करार दहा वर्षांसाठी 11 कोटी 50 लाख डॉलरचा झाला. खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरून कमाई करण्याची मुभा जुलै 2021 मध्ये मिळाली आणि विद्यापीठांनी त्यांना थेट वाटा देण्याची व्यवस्था 2025 मध्ये आली. या दोन्ही गोष्टी न्यायालये आणि कायदेमंडळे यांच्या रेट्यामुळे झाल्या. त्याग, सेवा आणि समर्पण यांवरची प्रवचने ऐकणाऱ्यांनी फुकट खेळायचे आणि देणाऱ्यांनी कोट्यवधी घ्यायचे, ही रचना इतकी वर्षे टिकली, त्यात धर्माच्या भाषेचा हात नव्हता असे मला म्हणवत नाही. स्वीनींच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. तिचे बिल कोणाच्या नावावर फाटत होते, एवढेच मी विचारतो.

संघ धर्मावर उभा राहिला की बाहेर कोण उरतो, हे मराठी माणसाला शिकायला अमेरिकेत जावे लागत नाही. मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा धर्माच्या आणि वंशाच्या संघांची होती. 1937 पर्यंत भारतीय ख्रिस्ती खेळाडूला तिच्यात जागाच नव्हती. त्या वर्षी पाचवा संघ आला, त्याचे नाव 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. सांगलीचे ख्रिस्ती फलंदाज विजय हजारे त्या उरलेल्यांतले. 1943 च्या अंतिम सामन्यात ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदूंनी 5 बाद 581 धावा केल्या, 'रेस्ट' 133 वर संपले आणि दुसऱ्या डावात 387 धावा झाल्या. त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. दुसऱ्या टोकाला त्यांचे धाकटे बंधू विवेक 21 धावांवर किती तरी वेळ उभे होते. सामना एक डाव आणि 61 धावांनी गेला. आमच्या घरी ही धावसंख्या बायबलमधल्या वचनासारखी पाठ होती. लहानपणी मला तिच्यात फक्त पराक्रम दिसत असे. संघाच्या नावाकडे लक्ष जायला बरीच वर्षे लागली. याच गृहस्थांच्या कप्तानपदाखाली भारताने फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, आणि त्या संघात कोणी 'उरलेला' नव्हता. क्लेमसनच्या किंवा न्यू मेक्सिको स्टेटच्या लॉकररूममध्ये प्रार्थनेच्या वेळी बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत खाली पाहणारा जो मुलगा असेल, त्याच्या जागी मी स्वतःला सहज ठेवू शकतो, कारण माझ्या समाजाने दुसऱ्या देशात ती जागा पाहिलेली आहे.

मग धार्मिक विद्यापीठांनी संघच काढू नयेत का? तसे मी म्हणत नाही. युटामधील ब्रिगॅम यंग विद्यापीठ मॉर्मन चर्चचे आहे. (मॉर्मन हे ख्रिस्ती की नाहीत, या वादात मी इथे शिरत नाही, आमच्या पाळकांनी तो कधीच निकालात काढला होता.) त्यांचे संघ रविवारी खेळत नाहीत, मग स्पर्धा कितीही मोठी असो, आणि बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचे वेळापत्रक आखताना आयोजकांना त्यांची सोय पाहावी लागते. 2011 साली त्यांचा बास्केटबॉल संघ देशात तिसरा होता, विजेतेपदाची वाट मोकळी दिसत होती, आणि अशा वेळी विद्यापीठाने आपल्या आचारसंहितेच्या भंगासाठी संघाच्या एका प्रमुख खेळाडूला निलंबित केले. पुढचाच सामना ते न्यू मेक्सिकोकडून 18 गुणांनी हरले. त्या मुलाची खासगी गोष्ट देशभर चघळली गेली, हे मला आजही सलते. किमतीचा एक हिस्सा तिथेही सर्वांत तरुण माणसानेच भरला. तरी विद्यापीठाने स्वतःच्या पदरचेही काही टाकले, आणि नियम त्या मुलाला प्रवेशापूर्वी ठाऊक होता.

त्याच्या शेजारी टेक्सासमधील बेलर ठेवून पाहावे. 1845 साली स्थापन झालेले हे बाप्टिस्ट विद्यापीठ. फुटबॉलमध्ये त्याचे दिवस पालटले, नवे स्टेडियम उभे राहिले, आणि त्याच काळात खेळाडूंवरील लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनींना दाद मिळत नव्हती. बाहेरच्या वकिलांनी चौकशी केल्यावर मे 2016 मध्ये प्रशिक्षकाला काढण्यात आले आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना पदावरून दूर करण्यात आले. दुसऱ्याच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या, शीलाची चौकशी करून देशभर नाव मिळवलेले केनेथ स्टार हे ते अध्यक्ष होते, हा योगायोग कादंबरीत कोणी खपवून घेतला नसता. तिथे दारू आणि विवाहपूर्व संबंध यांबद्दलचे नियम कडक होते. त्या नियमांमुळेच आपण काय करीत होतो हे सांगायला अनेक मुली घाबरत, असे नंतर पुढे आले. म्हणजे धर्माने तिथे गप्प बसवण्याचे काम केले, आणि किंमत त्या मुलींनी मोजली, ज्यांचे नाव कोणत्याही जर्सीवर नव्हते.

म्हणून सरकारी विद्यापीठाच्या पगारी प्रशिक्षकाने संघासमोर प्रार्थना चालवू नये, आणि खेळाडूंना ती करायची असेल तर त्यांनी आपापली, आपल्या भाषेत, हवी तिथे करावी, मैदानावरसुद्धा. धार्मिक विद्यापीठाने आपले नियम शिष्यवृत्तीच्या कागदासोबत हातात ठेवावेत आणि ते स्वतःच्या अधिकाऱ्यांनाही लावावेत. हे फार मोठे मागणे नाही.

राहिला चाहता, आणि तो मी आहे. 1988 साली नोटर डेम आणि मायामी यांच्या सामन्याआधी आमच्या विद्यार्थ्यांनी टी-शर्ट छापले होते: 'कॅथलिक विरुद्ध कैदी'. नोटर डेमने तो सामना 31-30 असा जिंकला. त्या शब्दांत मायामीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल काय दडले होते हे आज कोणालाही दिसते, पण मी गेलो तेव्हाही तो टी-शर्ट जुन्या विद्यार्थ्यांच्या अंगावर मानाने मिरवत होता आणि एकदा मीही तो विकत घेण्यासाठी रांगेत उभा होतो. माझ्या मापाचा संपला होता, एवढ्यानेच वाचलो.

कोलोराडोचे ते राष्ट्रीय विजेतेपद 1 जानेवारी 1991 रोजी ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात 10-9 असे पक्के झाले, आणि हरलेला संघ नोटर डेमचा होता. अखेरच्या क्षणांत आमच्या रॉकेट इस्माइलने चेंडू झेलून 91 यार्ड धाव घेतली, गोलरेषा ओलांडली, आणि मागे मैदानावर पंचांचे पिवळे निशाण पडलेले होते: पाठीमागून अडवल्याचा फाउल. धाव रद्द झाली. मी त्या वेळी नगरला होतो, हा खेळ मला ठाऊकही नव्हता. पण ती चित्रफीत मी पुढे कितीदा पाहिली याची मोजदाद नाही. कॉर्नेलच्या तारेबद्दल एवढे लिहून झाल्यावर काल रात्रीही पाहिली, आणि तो धक्का पाठीमागून लागला की बाजूने, हे पाहण्यासाठी त्याच जागी तीन वेळा थांबवली.